दहा हजार फुटांवरचं बारसं

आदरणीय सिंधूताईस,

तुझ्या धाकट्या वच्छलेचा अंतःकरणापासून जय भीम. पत्र पाहून छातीवर हात ठेवू नकोस, इकडे सगळे आपापल्या पायांवर उभे आहेत (यांचा डावा पाय सोडून, पण त्याचं पुढे येईल). फोन असताना ही बाई पत्र काहून लिहून राहिली, असं तुला वाटेल. ताई, तू फोन स्पीकरवर ठेवतेस, आणि तुझा स्पीकर म्हणजे तुमच्या खापा गावाचा भोंगा आहे. मागच्या खेपेला यांच्या मूळव्याधीची चौकशी माझ्याकडे तुझ्या शेजारणीने भर बाजारात केली, तीही औषधासकट. म्हणून कागद. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींची शुगर उतरली का? कन्हान नदीच्या वाळूत अनवाणी चाललं की शुगर उतरते असं त्यांना ज्याने सांगितलं, त्याला एकदा मे महिन्यात दुपारी त्याच वाळूत उभा कर, म्हणजे शुगरसकट सगळंच उतरेल.

तर आम्ही हिमालयात जाऊन आलो. हसू नकोस. तुला माहीतच आहे, हे रिटायर झाल्यापासून सकाळी फुटाळा तलावाकडे फिरायला जातात आणि तिथल्या चालणाऱ्या म्हाताऱ्यांचे अध्यक्ष आहेत. (चालणाऱ्यांचे म्हणायचं, चालतात फार थोडे. बाकीचे बाकांवर बसून देश चालवतात.) तिथे एके दिवशी यांनी मोबाइलवर कुठलंसं पान उघडून सगळ्यांना वाचून दाखवलं. उंच पहाडातल्या सोप्या पायवाटा. नवख्यांसाठी, कुटुंबांसाठी, मुलाबाळांसाठी. चढ सौम्य, निसर्ग रम्य, राहायला गावकऱ्यांची घरगुती सोय. खाली फोटो होता, त्यात एक गोरीपान बाई हातात कॉफीचा कप घेऊन गवतावर उभी. ती घामेजलेली नव्हती. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

सगळ्या बाकांनी हात वर केले. मग एकाचा नातू आजारी पडला, एकाला धंतोलीतल्या डॉक्टरने नाही म्हटलं (डॉक्टरला आधी कोणी काय सांगून ठेवलं होतं ते देव जाणे), आणि उरलो आम्ही चौघे. हे, मी, यांचे मित्र वसंतराव पाध्ये आणि त्यांच्या यमुताई. वसंतराव आणि हे एकाच कचेरीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना उभी नोकरी बसून काढलेले. आमच्याकडच्या मटणाचा रस्सा वसंतराव वाटीने पितात आणि घरी वेलचीचा दाणा चघळत जातात. यमुताईंना सगळं ठाऊक आहे, त्यांच्या खिशात वेलची त्याच ठेवतात.

तयारी म्हणून आम्ही सेमिनरी हिल्सवर चढायचा सराव केला. चढ संपला की तर्री पोहे, असा यांचा नियम. त्यामुळे चढ रोज थोडा अलीकडे संपायला लागला. मग मेच्या उन्हात इतवारीत लोकरीचे मोजे आणि कानटोप्या घ्यायला गेलो. दुकानदाराने आमच्याकडे पाहिलं, आधी चौघांना पाणी पाजलं, पंखा आमच्याकडे फिरवला आणि मग हळू आवाजात विचारलं, “घरी कोणाले सांगून आलात का?”

रेल्वे, मग बस, मग जीप असं करत आम्ही पायवाट सुरू होते तिथे पोचलो. गाइड होता दरबानसिंग नावाचा. त्याला सारखं बिडी ओढायची असायची, म्हणून तो सारखा आमच्यापुढे निघून जायचा आणि एखाद्या वळणावर धुरात बसलेला सापडायचा. कितीही विचारा, उत्तर एकच, “बस, सामने ही है।” ताई, पहाडात ‘सामने’ म्हणजे जे डोळ्यांना दिसतं ते. पायांना ते दिसेलच असं नाही. आणि ‘सौम्य चढ’ म्हणजे काय तेही मला कळलं. जिथून पडलं तर माणूस लगेच मरत नाही, त्याला सौम्य म्हणतात.

हे सुरुवातीला अध्यक्षांसारखे पुढे होते, दोन हातांत दोन काठ्या, गळ्यात शिट्टी. (शिट्टी कशाला, विचारलं तर म्हणाले, संकटात वाजवायला. पहिल्या चढानंतर वाजवायला फुंकरच उरली नाही.) वसंतराव मागून ‘श्वास नाकाने घ्या, तोंडाने सोडा’ असं सांगत होते. थोड्या वेळाने त्यांनी सांगणं सोडलं, मग नाकही सोडलं. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक आजी आम्हाला ओलांडून वर गेली. आम्ही एका दगडावर बसून चिवडा खात होतो तेव्हा ती भारा टाकून खाली आली, आणि आम्ही उठायच्या आत दुसरा भारा घेऊन पुन्हा वर. यमुताईंनी तिला चिवडा दिला. तिने तो पदरात बांधला आणि आमच्याकडे जसं आजारी माणसाकडे बघतात तसं बघितलं.

संध्याकाळी कसेबसे वरच्या गावात पोचलो. गाव म्हणजे दहा-बारा घरं, पाटीच्या दगडांची छपरं, खाली गोठा, वर माणसं. आमची सोय ज्या घरी होती तिथली म्हातारी दारातच उभी. सगळे तिला अम्मा म्हणत. चेहरा गोड, डोळे बारीक. पाणी हातात, पण तांब्या पुढे करायच्या आधी तिने विचारलं, कुठले? नागपूरचे. पोरंबाळं किती? सांगितलं. आणि मग, जसं आपण ‘चहात साखर किती’ विचारतो ना, अगदी तितक्याच मायेने, “कौन जात हो?”

बघ ताई, तिथे डाळ लवकर शिजत नाही. चार पावलं टाकली की धाप लागते. यांना दोन शब्द बोलायला तीनदा दम घ्यावा लागत होता. दहा हजार फुटांवर हवा विरळ होते, पण जात अजिबात विरळ होत नाही. ती तिथे आपल्यापेक्षा दाट मिळते.

मी तोंड उघडलं. हे माझ्याकडे पाहत होते, मी यांच्याकडे. आणि तेवढ्यात वसंतराव, त्यांना नेमका तेव्हाच दम सापडला, हसत म्हणाले, “सब अपनेही लोग हैं, अम्मा। ब्राह्मण हैं, चारों के चारों।”

झालं. पाण्याचा तांब्या पुढे आला. आम्हाला थेट चुलीजवळ नेऊन बसवलं. बापाला जन्मभर कोणी ओसरी चढू दिली नाही, आजोबा विहिरीपासून चार हात लांब उभे राहिले, आणि आम्ही मात्र वसंतरावांच्या एका वाक्याच्या शिडीने थेट स्वयंपाकघरात. मी बोलले का नाही? ताई, माझ्या टाचांना फोड आले होते आणि चुलीवर राजमा शिजत होता. राजम्याच्या वासासमोर मी गप्प राहिले. यमुताई माझ्याकडे बघत नव्हत्या, ताटाकडे बघत होत्या. वसंतराव तूप वाढून घेत होते.

खोलीत आल्यावर मी यांना म्हटलं, “तुम्ही काहून बोलले नाही?”

“माझं डोकं फुटून राहिलं वं,” हे म्हणाले, “मले आता कोणी काहीही म्हणा. ब्राह्मण म्हणा, बोकड म्हणा, फक्त लाइट बंद करा.” आणि रजई डोक्यावरून ओढून घेतली. उंची बाधली होती. कानटोपी, मफलर, दोन स्वेटर आणि वर रजई. अध्यक्ष गाठोड्यासारखे पडले होते.

दुसऱ्या दिवशी पुढच्या कुरणाकडे जायचं होतं. तिकडे त्याला बुग्याल म्हणतात, डोंगरमाथ्यावरची गवताची सपाटी. फोटोतली कॉफीवाली बाई तिथलीच. हे अर्ध्या वाटेवर एका दगडावर बसले आणि म्हणाले, “मी इथूनच पाहतो.” इथून काही दिसत नव्हतं, पण ते जितकं म्हणून दिसत नव्हतं तितकं त्यांनी मन लावून पाहिलं आणि माघारी फिरले. फिरताना डावा पाय मुरगळला. आम्ही तिघे वर पोचलो तर वर ढग. हिमशिखरं, दरी, फुलं, सगळं ढगात. वसंतरावांनी ढगासमोर उभं राहून आठ-दहा फोटो काढले. तुला दाखवीन, पांढऱ्या कागदावर वसंतराव. मग गारा पडायला लागल्या. आमची डोकी बडवली जात असताना दरबानसिंग एका खडकाखाली बिडी ओढत बसला होता आणि गारांकडे बोट दाखवून मला म्हणाला, “मौसम अच्छा है आज।”

खरी गंमत खाली आल्यावर सुरू झाली. घरात धावपळ. अम्माच्या सुनेला मुलगी झालेली, तिचं नाव ठेवायचा तोच दिवस होता. लाडू वळून तयार, अख्खं गाव यायचं, आणि खालच्या गावचे पंडितजी अडकले, कारण गारांनी वाटेवर दरड आली. आता काय? अम्माला फार विचार करावा लागला नाही. घरात चार ब्राह्मण आयते आले होते!

आधी ती वसंतरावांकडे गेली. आणि ताई, मी तीस वर्षांत त्या माणसाचा चेहरा असा पाहिला नव्हता. आमच्यात खरा जो होता, त्याला एक ओळ येत नव्हती. मुंजीनंतर जानवं कुठे गेलं ते त्यांनाच ठाऊक नाही. गळ्याकडे बोट दाखवून ते पुटपुटले, “गारांनी आवाज बसला, अम्मा।” (सकाळपासून त्याच आवाजात भजी मागत होते.) मग अम्मा यांच्याकडे वळली. डोकं दुखत असल्याने हे कालपासून घरात कोणाशी बोलले नव्हते, डोळे मिटून बसत होते, जेवण अर्ध्यात सोडत होते. अम्माच्या मते हेच खरे पंडित. गंभीर, मितभाषी, अल्पाहारी. हात धरून तिने यांना पाटावर बसवलं. समोर बाळ, भोवती गाव. यांनी तोंड उघडलं आणि तोंडावर हात धरून लंगडत थेट गोठ्यामागे धावले.

सगळे थांबलेले. सून घाबरून माझ्याकडे बघत होती. तिचं वय तुझ्या मेघाएवढं, केस अजून बाळंतपणातले, कपाळावर घाम. पोरगी तिच्या मांडीवर टुकूटुकू बघत होती, तिला कोण कुठल्या जातीचं याची अजून खबर नव्हती. मला वाटलं, या लेकराचं काय चुकलं? मी पाटावर जाऊन बसले. म्हटलं, आमच्याकडे बायकाही म्हणतात. हात जोडले आणि त्रिसरण पंचशील म्हटलं. आपल्याकडे प्रत्येक नामकरणाला म्हणतो तसंच, एकही शब्द न गाळता. ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हटलं तेव्हा यमुताईंनी हात जोडले आणि माझ्यामागून म्हणू लागल्या. मग वसंतरावांचा बसलेला आवाज उठला. ‘गच्छामि’ तर त्यांनी असं ठणकावून म्हटलं की बाळ दचकलं. भवतु सब्ब मंगलं झालं, अम्माच्या डोळ्यांत पाणी. म्हणाली, “कितनी शुद्ध संस्कृत! हमारे पंडितजी तो खा जाते हैं आधा।” नाव काय ठेवायचं, तेही तिने मलाच विचारलं. मी म्हटलं, सुजाता. गावाने ‘सुजाता, सुजाता’ केलं, लाडू वाटले गेले, पार पलीकडच्या वाडीपर्यंत पोचवले.

इथेच थांबलं असतं तर तुला सांगायला गोड गोष्ट झाली असती. दुसऱ्या दिवशी निघताना अम्माने मला मिठी मारली. म्हणाली, पुन्हा या, तुमच्यासारखे शुद्ध लोक हल्ली येत नाहीत. मागे एक जोडपं आलं होतं, कुठल्याशा शहरातलं, चांगलं शिकलेलं. आडनावावरून जात कळली. म्हणाली, मी त्यांना गोठ्याशेजारच्या खोलीत जेवायला वाढलं. बाई रडत होती, पण काय करणार, घराचे नियम असतात.

ताई, पहिल्या रात्री मला राजम्याने गप्प केलं होतं. आता पोट भरलेलं होतं. मी तिचे हात हातात घेतले आणि म्हटलं, “अम्मा, हम भी वही हैं। ये दोनों ब्राह्मण, हम दोनों नहीं। नाम हमने रखा है आपकी पोती का।”

म्हातारीचे हात सुटले. तिने आधी चुलीकडे पाहिलं. मग ताटांकडे, परातीकडे, पाटाकडे. काय काय धुवावं लागेल त्याचा हिशेब मला तिच्या डोळ्यांत दिसत होता. शेवटी तिची नजर नातीवर आली आणि अडली. चूल सारवता येते, भांडी राखेने घासता येतात, नाव कशाने घासणार? तेवढ्यात सून, जी दोन दिवसांत एक शब्द बोलली नव्हती, बाळाला खांद्यावर घेत शांतपणे म्हणाली, “अम्मा, लड्डू पूरे गाँव में बँट चुके हैं। दुबारा कौन बाँटेगा?”

अम्मा आत गेली. दार लावलं नाही, निरोपही दिला नाही. सून पायरीपर्यंत आली, बाळाचा इवलासा हात धरून हलवला आणि म्हणाली, “बोलो सुजाता, टाटा।”

उतरताना वसंतराव घुश्शात. “काहून सांगितलं, वहिनी? काय अडलं होतं? मी तर तुमच्या भल्यासाठीच बोललो होतो.”

मी म्हटलं, “भाऊजी, ‘चार माणसं आहेत, भुकेली आहेत’ एवढं म्हणता आलं असतं.”

“तसं म्हटलं असतं तर जेवायले मिळालं नसतं.”

“तेच तर म्हणून राहिले मी.”

यमुताई पुढे होऊन माझी पिशवी आपल्या खांद्यावर घेऊन चालू लागल्या. मागून हे लंगडत येत होते. खाली उतरताच यांचं डोकं दुखायचं थांबलं होतं, म्हणून आवाजही परत आला होता. म्हणाले, “अरे वसंता, दोन दिवस मले ब्राह्मण केलं, फायदा काय झाला सांग बरं? ना पोळी गेली, ना झोप आली.” वसंतरावांना हसू आवरलं नाही, पण ते हसू नेहमीसारखं नव्हतं. रेल्वेत त्यांनी यांच्या डब्यातलं खाल्लं नाही, पोट बिघडलं म्हणाले. वेलचीही मागितली नाही.

असो. फुटाळ्यावर सध्या यांचा सत्कार ठरून राहिला आहे, ‘हिमालयवीर’ म्हणून. ढगातले फोटो मोठे करून लावणार आहेत. यांनी भाषण लिहायला घेतलं आहे, गोठ्याचा उल्लेख नाही.

भाऊजींना माझा जय भीम सांग, लहानग्यांचे माझ्या वाटचे गाल ओढ, आणि गुडघ्याला तेल लावताना आळस करू नकोस.

तुझी, फोड बरे होत आलेली,
वच्छला

ता. क. मुख्य गोष्ट लिहायचीच राहिली. आपल्या रोशनने लग्न ठरवलं आहे. मुलगी नूपुर, वसंतरावांची. आम्ही ढग बघत होतो तेव्हा माझ्या लेकाने इकडे हे ठरवून टाकलं. मुलगी गुणाची आहे, माझ्यासारखीच तोंडाने तिखट. येत्या रविवारी दोन्ही घरं आमच्याकडे बसणार. तुला यावंच लागेल, पहिल्या बसने ये.

ता. क. २. तुला वाटेल वसंतराव आडवे आले. मलाही तसंच वाटलं होतं. मी तर त्यांच्यासाठी एक झणझणीत भाषण पाठ करून ठेवलं होतं. दोन दिवस ते फिरायला आले नाहीत, तिसऱ्या दिवशी यमुताईंसोबत संत्रा बर्फी घेऊन दारात. बसले आणि म्हणाले, “वहिनी, पहाडावर मी तुमची जात एका दमात बदलली. माझ्या घरचं बदलायचं म्हटलं तर दम लागून राहिला. पण येतो, हळूहळू येतो मागून.” माझं सगळं भाषण वाया गेलं. आडवे आलेत ते आपले हे! “आपल्या समाजात पोरी काय कमी आहेत?” असं म्हणाले. मी अम्माची आठवण करून दिली, तर म्हणाले, “ते वेगळं होतं.” काय वेगळं, ते मात्र सांगता येईना. तेव्हापासून खोलीत बसून भाषण खोडतायत.

ता. क. ३. माझं ते ऐकणार नाहीत, रोशनचं नाही, वसंतरावांचं तर अजिबात नाही. तुझंही ऐकणार नाहीत. म्हणून येशील तेव्हा समजवायला जाऊ नकोस. सगळ्यांसमोर बस, पाणी पी आणि म्हण, “जवाईबापू, तुमचं बरोबर आहे. ही पोरगी आपल्या घरात नकोच.” उभ्या संसारात यांनी माझ्या माहेरच्या एकाही माणसाला ‘बरोबर आहे’ म्हटलेलं नाही. बाकीचं ते स्वतःच करतील.